ग्वाल्हेरचा बाडा सजला. तिथवर चालत जायचे कसे?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील महाराज बाडा हा मध्य भारतातील सर्वांत देखण्या चौकांपैकी एक आहे. गोरखी वाडा, टाऊन हॉल, टपाल कचेरी, व्हिक्टोरिया मार्केट, स्टेट बँकेची इमारत अशा निरनिराळ्या वास्तुशैलींतील इमारती एकाच चौकाभोवती उभ्या आहेत. स्मार्ट सिटी योजनेत या इमारतींचे दर्शनी भाग उजळले गेले, रोषणाई झाली आणि चौक पादचाऱ्यांसाठी मोकळा करण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. हा विचार स्वागतार्हच होता. परंतु चौकात सुखाने चालता येणे आणि चौकापर्यंत चालत येता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दौलतगंज, सराफा, नया बाजार किंवा कंपूकडून जी गृहिणी, जो विद्यार्थी, जो हमाल पायी बाड्याकडे येतो, त्याचा जीव धोक्यात असतो तो चौकाच्या आधीच्या वाटेवर. गुळगुळीत फरशीची पाळी नंतर येते.

गोव्यातील वाचकाने ग्वाल्हेरच्या रस्त्यांची चिंता का करावी, असे कोणी विचारील. नाते जुने आहे. पेडणे तालुक्यातील केरी गावचे जिवबादादा केरकर हे महादजी शिंद्यांचे बक्षी होते. ग्वाल्हेरच्या शिंदेशाहीच्या उभारणीत गोमंतकीयांचाही हात आहे. मात्र आजचे कारण अधिक निकडीचे आहे. पणजी आणि ग्वाल्हेर ही दोन्ही शहरे २०१६ या एकाच वर्षी स्मार्ट सिटी योजनेत निवडली गेली. पणजीची निवड मे महिन्यातील फेरीत झाली, ग्वाल्हेरची सप्टेंबरमधील. दोन्हीकडे महापालिकेहून वेगळी कंपनी स्थापन झाली, निवडक भागांवर निधी खर्च झाला आणि ३१ मार्च २०२५ रोजी योजनेची मुदत संपली. आता उरलेला प्रश्न दोन्ही शहरांसाठी सारखाच आहे. योजना संपल्यावर पदपथ कोणाचा?

आकडे काय सांगतात

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे रस्त्यावर मरणाऱ्या दर पाच जणांतील जवळपास एक जण कोणत्याही वाहनात नव्हता; तो चालत होता किंवा रस्ता ओलांडत होता. दिवसाचा हिशेब केला, तर हा आकडा नव्वदच्या घरात जातो. अपघातांच्या संख्येत त्या वर्षी तामिळनाडूपाठोपाठ मध्य प्रदेशाचा क्रमांक होता. या अहवालात दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या ५० शहरांची आकडेवारी स्वतंत्रपणे दिली जाते आणि त्या यादीत भोपाळ, इंदूर, जबलपूर यांच्यासह ग्वाल्हेरही आहे.

पादचाऱ्याच्या मृत्यूची बातमी बहुधा आतल्या पानावर दोन ओळींत छापली जाते. ‘अज्ञात वाहनाची धडक’ हा त्या बातमीचा ठरलेला शब्दप्रयोग आहे. वाहन अज्ञात असेल. रस्ता मात्र अज्ञात नसतो. त्या ठिकाणी पदपथ होता का, ओलांडण्याची जागा आखलेली होती का, दिवा लागत होता का, आधी तिथे किती जण जखमी झाले होते, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. अपघात हा चालकाच्या बेदरकारपणाचा किंवा पादचाऱ्याच्या बेसावधपणाचा परिणाम मानला की, रस्ता बांधणारा आणि राखणारा दोघेही आपोआप मोकळे होतात.

पायी चालणाऱ्यांसाठी वसलेले शहर

ग्वाल्हेर मुळात तीन वस्त्यांचे शहर आहे. किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर, दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१०च्या सुमारास वाढलेले लष्कर आणि इंग्रजांची छावणी असलेले मुरार. लष्करातील मोहल्ल्यांची नावे आजही मराठी कानाला ओळखीची वाटतात. शितोळे साहेबांची गोठ, बक्षी की गोठ, शिंदे की छावनी. सरदारांच्या पथकांचे ‘गोट’ जिथे पडले, तिथे गल्ल्या झाल्या. ‘बाडा’ म्हणजे तरी आपला वाडाच. ही वस्ती माणूस, घोडा आणि पालखी यांच्या गतीने वाढली. लष्करापासून मुरारपर्यंतचे अंतर पाच-सहा किलोमीटर भरेल. शहर सायकलच्या टप्प्यात आहे आणि जुने बाजार पायांच्या टप्प्यात आहेत.

ग्वाल्हेरमधील पादचाऱ्यांची सर्वांत निर्धोक वाट कोणती, असे विचारले तर उत्तर किल्ल्यावर सापडते. जुन्या शहराच्या बाजूने ग्वाल्हेर दरवाजातून गुजरी महालाजवळून हाथी पोळपर्यंत चढत जाणारा मार्ग केवळ पायी जाणाऱ्यांसाठी आहे. वाहने पलीकडच्या उरवाई दरवाजाने वर जातात. दोघांच्या वाटा वेगळ्या केल्या म्हणून कोणाचेच अडत नाही. पर्यटकाला हे सुख मिळते. खाली बाजारात रोज चालणाऱ्या नागरिकाला मात्र ते मिळत नाही.

खालच्या रस्त्यांवर पदपथ आहेत, पण ते सलग नाहीत. काही अंतर चालल्यावर रोहित्राची पेटी येते, मग दुकानाचा उतार, मग उभ्या केलेल्या दुचाकी, मग उघडे गटार. पादचारी खाली उतरतो आणि ई-रिक्षा, दुचाकी व मोटारींच्या प्रवाहात मिसळतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या मानकांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची अडथळामुक्त जागा हवी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. या दोन साध्या मोजमापांची पट्टी घेऊन कोणत्याही शहरात निघावे. पणजीतही निकाल फारसा वेगळा लागणार नाही. उंच पदपथ वृद्धाला चढता येत नाही, गुडघे दुखणारी बाई त्यावर जात नाही, चाकाची खुर्ची तर अशक्यच. मग ‘पदपथ असून लोक वापरत नाहीत’ असा ठपका लोकांवरच येतो.

पैसा कोणत्या दिशेने वाहतो

शहराच्या प्राधान्यक्रमाची खरी कल्पना भाषणांतून येत नाही, खर्चातून येते. ग्वाल्हेरमध्ये स्वर्णरेखा नदीच्या पात्रावरून जाणाऱ्या उन्नत मार्गाचे भूमिपूजन २०२२ मध्ये झाले. शहर ओलांडणाऱ्या वाहनांची त्यामुळे सोय होईल. पण उन्नत मार्ग कोठेतरी खाली उतरतो आणि जिथे उतरतो तिथे वेगात आलेली वाहने आणि रस्ता ओलांडणारी माणसे समोरासमोर येतात. उतारांच्या तोंडाशी पादचाऱ्यांची व्यवस्था हा मूळ आराखड्याचा भाग असावा लागतो. अपघात घडल्यावर रंगवलेले पट्टे पुरेसे ठरत नाहीत. पर्वरीच्या उन्नत मार्गाकडे पाहणाऱ्या गोमंतकीयांनी हा मुद्दा आताच ध्यानात घ्यावा.

दुसरे उदाहरण चेतकपुरी भागातील रस्त्याचे. २०२५च्या पावसाळ्यात हा नव्याने केलेला रस्ता थोड्याच दिवसांत पुनःपुन्हा खचला आणि त्याची छायाचित्रे देशभर पसरली. चर्चा झाली ती मोटारी अडकल्याची. पण रस्ता खचतो तेव्हा सर्वांत आधी संकटात सापडतो तो पाण्याखालचा खड्डा न दिसणारा पादचारी आणि सायकलस्वार. पणजीत स्मार्ट सिटीच्या खोदकामाच्या काळात ज्यांनी शहरात पायी ये-जा केली, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक प्रशासकीय दोष आहे. शहरातील एकच रस्ता अनेक मालकांचा असतो. डांबर सार्वजनिक बांधकाम खात्याचे किंवा महापालिकेचे, गटार महापालिकेचे, खांब वीज खात्याचा, नळ पाणीपुरवठ्याचा, सिग्नल स्मार्ट सिटी कंपनीचा, वाहतूक पोलिसांची आणि फेरीवाल्यांचा परवाना आणखी कोणाचा. गोव्यात साबांखा, पालिका आणि वीज खाते यांच्यातील पत्रव्यवहार वाचकांच्या परिचयाचाच आहे. मोटारीच्या मार्गातील खड्ड्याबद्दल निदान कोणाला तरी जाब विचारता येतो. पदपथ तुटला तर तो नेमका कोणाचा, हेच ठरत नाही. ज्याला मालक नाही, त्याची दुरुस्ती नाही.

कायदा आहे, जबाबदार हवा

कायद्याची उणीव आता फारशी राहिलेली नाही. कोइम्बतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी स्पष्ट केले की, अडथळामुक्त आणि दिव्यांगांना वापरता येईल असा पदपथ हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्याच प्रकरणात ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या ५० शहरांतील पदपथ आणि रस्ता ओलांडण्याच्या जागा तपासण्याचे निर्देश दिले गेले; आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ (१अ) खाली पादचारी व बिनयांत्रिक वाहनांसाठी सहा महिन्यांत नियम करण्यास राज्यांना सांगण्यात आले.

या दोन आदेशांतील फरक गोव्यासाठी महत्त्वाचा आहे. तपासणीच्या ५० शहरांत ग्वाल्हेर येते; गोव्यातील एकही शहर येत नाही, कारण आपल्याकडे दहा लाख वस्तीचे शहरच नाही. नियम करण्याचे बंधन मात्र सर्व राज्यांवर आहे. ‘आमचे शहर यादीत नाही’ ही सबब म्हणूनच अपुरी ठरते. शिवाय २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८अ नुसार रस्त्याच्या आराखड्यात, बांधणीत किंवा देखभालीत मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे, पण तत्त्व मोठे आहे. सदोष रस्ता हाही अपराध असू शकतो, असे कायदा म्हणतो. तरीही अपघाताच्या पंचनाम्यात पदपथाची रुंदी मोजली जात नाही, तोवर हे कलम पुस्तकातच राहील.

फेरीवाला की पादचारी, हा खोटा वाद

पदपथ मोकळे करण्याचा विषय निघाला की पहिला बुलडोझर गाडेवाल्यांकडे वळतो. बाड्याच्या परिसरातही हातगाड्या आणि पथविक्रेते यांना हलवण्याचा प्रश्न वारंवार उभा राहिला आहे. पादचाऱ्याच्या नावाने गरिबाचा संसार उचलणे सोपे असते. दुकानासमोर दिवसभर उभी राहणारी मोटार हलवणे अवघड असते. वास्तविक एका मोटारीच्या जागेत दोन-तीन गाडे बसतात आणि त्या गाड्यांवर येणारे बहुतेक गिऱ्हाईक पायीच येते. रात्री उशिरापर्यंत दिवा लावून बसणारा विक्रेता असला, तर एकटी बाई त्या रस्त्याने निर्धास्त जाते.

पथविक्रेता कायदा २०१४ मध्ये आला. त्याने सर्वेक्षण, विक्री क्षेत्रांची आखणी आणि शहर विक्रेता समिती बंधनकारक केली; त्या समितीत विक्रेत्यांच्या प्रतिनिधींचे प्रमाण किमान ४० टक्के हवे. म्हणजे चालण्याची पट्टी वेगळी, विक्रीची पट्टी वेगळी, अशी आखणी करण्याचा मार्ग कायद्यानेच दाखवला आहे. पदपथावरील जागेचा खरा वाटेकरी कोण, याचे मोजमाप केले तर उभ्या वाहनांचा वाटा गाड्यांपेक्षा मोठा निघेल, अशी शक्यता अधिक. म्हणून आधी मोजावे आणि मग हटवावे.

वेग आणि अरुंद गल्ल्या

‘आमच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की पदपथाला जागाच नाही’ हा आक्षेप लष्करात ऐकू येतो, तसाच मडगावच्या जुन्या बाजारातही. तो अंशतः खरा आहे. पण अरुंद गल्लीला वेगळ्या पदपथाची गरजच नसते. तिथे वाहनाने माणसाच्या गतीने चालावे, इतकेच पुरते. माल उतरवण्याच्या वेळा ठरवाव्यात, गर्दीच्या तासांत मोटारींना मनाई करावी, गल्लीच्या तोंडाशी रस्ता किंचित उचलून घ्यावा. मग उरलेले काम गल्लीची रुंदीच करते. पदपथ हवा असतो तो रुंद रस्त्याला, कारण रुंद रस्ता वेगाला आमंत्रण देतो.

वेगाचे गणित निष्ठुर आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किलोमीटरने जाणाऱ्या वाहनाच्या धडकेतून बहुतेक पादचारी वाचतात. वेग जसा त्यापुढे चढतो, तशी वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. म्हणूनच फेब्रुवारी २०२० मधील स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे पादचारी, सायकलस्वार आणि वाहने एकत्र येतात, तिथे ३० किलोमीटरची कमाल मर्यादा सुचवण्यात आली. शाळा, रुग्णालय, मंदिर आणि बाजार यांच्या भोवतालच्या रस्त्यांना ती लावण्यासाठी कोणत्याही कोट्यवधींच्या प्रकल्पाची आवश्यकता नाही.

सायकलीचे प्रकरण याहून बोलके आहे. भोपाळमध्ये जून २०१७ पासून ५०० सायकलींची भाडे-सायकल योजना गाजावाजाने सुरू झाली आणि अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले. मोबाईलवरून उघडणारी सायकल आकर्षक असते. परंतु पहाटे दूध घालणारा, बांधकामावर जाणारा गवंडी, शिकवणीला निघालेली मुलगी यांच्याकडे स्वतःची सायकल आधीपासून आहे. मध्य प्रदेश शासन ग्रामीण भागातील पात्र विद्यार्थ्यांना सहावी आणि नववीत विनामूल्य सायकल देते. सायकल द्यायची आणि ती चालवायला सुरक्षित रस्ता द्यायचा नाही, हा विरोधाभास आहे. शिवाय उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झुकणाऱ्या ग्वाल्हेरमध्ये सावलीचे झाड हे सायकलमार्गाच्या डांबराइतकेच आवश्यक आहे.

इतरांनी काय केले

चेन्नई महापालिकेने २०१४ मध्ये बिनयांत्रिक वाहतुकीचे धोरण स्वीकारले आणि वाहतुकीच्या खर्चातील किमान ६० टक्के वाटा चालणे व सायकल यांसाठी ठेवण्याचा संकल्प केला. त्या धोरणाच्या पाठबळावर पुढे २०१९ मध्ये टी. नगरच्या पाँडी बाजारचा पादचारी मार्ग खुला झाला. धोरण आधी, सुशोभीकरण नंतर, हा क्रम लक्षात घेण्याजोगा. सिक्कीमसारख्या छोट्या राज्याच्या राजधानीत, गंगटोकच्या महात्मा गांधी मार्गावर वाहनांना प्रवेश नाही आणि तोच शहरातील सर्वांत गजबजलेला बाजार आहे. पुण्यात ११ डिसेंबरच्या पादचारी दिनी लक्ष्मी रस्ता वाहनमुक्त केला जातो. वाहन दारात आले नाही तर गिऱ्हाईक येणार नाही, या व्यापाऱ्यांच्या भीतीला अशा प्रत्यक्ष अनुभवांखेरीज दुसरे उत्तर नाही.

नेदरलँड्स हा देशही जन्मतः सायकलींचा नव्हता. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले, राजकीय पक्षांना भूमिका घ्यावी लागली आणि पुढची काही दशके रस्ते बदलत गेले. ती सुधारणा अभियंत्यांच्या दालनातून सुरू झाली नाही. मुलांचे मृत्यू ‘दुर्दैवी’ मानायला पालकांनी नकार दिला, तिथून ती सुरू झाली.

आता काय करावे

ग्वाल्हेरला ऑक्टोबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात संगीतनगरीचा मान मिळाला. देशोदेशीचे रसिक तानसेनाच्या समाधीकडे येतील. हजिऱ्याचा तो परिसर, बाडा, फुलबाग आणि किल्ल्याचा पायथा हे एका सलग चालण्याच्या मार्गाने जोडले गेले, तर पाहुण्यांआधी स्थानिकांची सोय होईल. ग्वाल्हेर–श्योपूर नॅरोगेज गाडी २०२० मध्ये थांबली. शहरातून जाणाऱ्या त्या जुन्या मार्गाची पट्टी आणखी एका मोटाररस्त्यासाठी न देता चालणे व सायकल यांसाठी राखली, तर सुमारे साडेदहा लाख वस्तीच्या या शहराला नवे भूसंपादन न करता एक कणा मिळेल. अशी संधी शहराच्या आयुष्यात वारंवार येत नाही.

मात्र नवे बांधण्याआधी जुन्याचा मालक ठरला पाहिजे. प्रत्येक प्रभागातील पदपथांसाठी एक नामनिर्देशित अधिकारी असावा आणि त्याचे नाव व क्रमांक त्याच रस्त्यावर लिहिलेला असावा. रस्त्याच्या प्रत्येक निविदेत पदपथ आणि ओलांडण्याच्या जागा यांची स्वतंत्र नोंद असावी. ते काम पूर्ण झाल्याशिवाय अंतिम देयक देऊ नये. पादचाऱ्याचा मृत्यू झाला की पोलीस, अभियंता आणि पालिका यांनी पंधरा दिवसांत जागेची संयुक्त पाहणी करून अहवाल प्रसिद्ध करावा. यातील एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

गोव्यात विधानसभेपासून ग्रामसभेपर्यंत रस्त्यांची चर्चा होत असते, पण ती बहुधा डांबर, पार्किंग आणि कोंडी यांपाशी थांबते. कलम १३८ (१अ) खालील नियमांचे गोव्यात काय झाले, पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा येथील पदपथ कोणत्या खात्याच्या नावावर आहेत आणि त्यांच्या देखभालीसाठी अर्थसंकल्पात किती रक्कम आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक आमदाराला आणि नगरसेवकाला विचारता येतील. त्यांची उत्तरे लेखी मागावीत. पदपथाला मालक मिळवून देण्याचे काम तिथूनच सुरू होईल.